बिनरंगाच्या जागा

सासऱ्यांनी रंगवलेले विमान हँगरच्या बाहेर आले, की त्याला हात लावण्यापूर्वी माणसे आपला हात आधी पँटला पुसून घेत. रंग म्हणजे नुसता पांढराच. पण त्या पांढऱ्यात ब्रशाचा, फवाऱ्याचा किंवा घाईचा कुठलाही माग सापडत नसे. ‘मास्तरांच्या विमानावर माशीसुद्धा बसत नाही,’ असे रेडिओवाला म्हणे, ‘बसली की घसरते.’ मास्तरांनी आयुष्यात कुठल्या शाळेत शिकवले नव्हते; तरी विमानतळावरच्या लहानथोरांनी त्यांना मास्तर करून टाकले होते. तेही त्या हाकेला ओ देण्यात इतके मुरले होते, की घरी कुणी ‘बाबा’ म्हटले तर क्षणभर थांबत आणि मग वळत. निदान सुनेने आपली तशी समजूत करून घेतली होती, की ते थांबणे त्यामुळेच असते.

सून त्याच हँगरमध्ये काम करी. विमानतळ तसा बेताचाच होता. एक धावपट्टी, विमाने ठेवायचे एक पत्र्याचे हँगर, जिन्यावरची रेडिओची खोली आणि कुंपणापलीकडे डोंगरांच्या रांगेपर्यंत पसरलेले माळरान. तिथून उडणारी विमाने लहान, दोन माणसांची, आणि धातूची नव्हेत. काचेच्या आणि कार्बनच्या कापडाचे थर राळेत भिजवून, एकावर एक बसवून, वाळवून घडवलेली. असले विमान दुखावले तर हातोडीचा उपयोग नसतो. तिथे कात्री लागते. फाटलेला भाग कापून काढायचा, नव्या कापडाचे तुकडे आडव्या-उभ्या विणीने बसवायचे, राळ भरायची, घासायचे. हे तिचे काम. विमान उडायला योग्य आहे अशी शेवटची सहीही तिचीच. सासऱ्यांनीच तिला आधी पाहिले होते, कात्री चालवताना, आणि संध्याकाळी घरी जाऊन मुलाला सांगितले होते, “इतकं सरळ कापड कापणारी मुलगी तुला आयुष्यात दुसरी भेटायची नाही.” मुलगा गणिताचा शिक्षक. शिडीवर चढला तरी त्याला भोवळ येई, पण वडिलांचे हे म्हणणे त्याने मुकाट मान्य केले, आणि त्याला त्याचा कधी पश्चात्ताप झाला नाही.

घरात न घाबरणारी होती ती त्याची धाकटी बहीण, मास्तरांची ‘चिमणी’. ती वैमानिक होती. डोंगरांपलीकडच्या गावांतल्या दवाखान्यांतून रक्ताचे नमुने गोळा करायचे आणि शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेसाठी इथवर आणून द्यायचे, हे तिचे रोजचे काम. भावजयीला ती ‘शिंपीण’ म्हणे. आणि भावजय तिला, ती चिडावी म्हणून, ‘वन्सं’ अशी जुन्या काळची हाक मारी. दोघींचे गूळपीठ असे होते, की मास्तर म्हणत, “माझ्या घरात नणंद-भावजयीचं भांडण नाही, त्यामुळे मला मध्यस्थीचा मानच मिळत नाही.”

गेल्या काही महिन्यांत मात्र सुनेच्या मनात एक काटा सलत होता. मास्तर विसरू लागले होते.

चष्मा, किल्ल्या, कुणाचे नाव, इतके तर सगळेच विसरतात. पण एकदा त्यांनी राळेत घट्ट करणारे द्रव्य घातले, डबा बाजूला ठेवला, वळले, आणि पुन्हा तेच द्रव्य त्याच डब्यात घातले. डबा तापू लागला, त्यातून वाफ निघाली. सुनेने तो फडक्याने धरून वाळूच्या बादलीत नेऊन पुरला, आणि मास्तरांना दिसण्याआधी नवा डबा त्याच जागी ठेवला. त्या दिवसापासून ती त्यांच्या मागून मागून फिरू लागली. झाकणे लावी. दिवे बंद करी. ते एखादी गोष्ट दुसऱ्यांदा सांगू लागले, की पहिल्यांदाच ऐकते आहे अशा चेहऱ्याने ऐकून घेई. नवऱ्याला ती बोलली नाही, नणंदेला तर नाहीच. तिला वाटे, बोलले की ते खरे होईल. न बोलता, झाकून, सावरून चालवले तर म्हातारपण आपोआप वाट काढील. प्रेमापोटी माणूस किती वेडेवाकडे हिशेब मांडतो, हे सरळ कापड कापणाऱ्या हातालाही कळत नाही.

तशात नणंदेचे विमान रंगाला आले. धावपट्टीवरच्या खडीने पोटाकडचा रंग उडाला होता आणि पंखांचा उन्हाने पिवळा पडला होता. मास्तर हरखून गेले. मुलीचे विमान! त्यांनी जुना रंग असा उतरवला, की जणू तान्ह्या मुलाचे अंग पुसताहेत.

या विमानाची एक गोष्ट इतरांहून वेगळी होती. धातूच्या विमानावर वीज पडली, तर ती बहुधा बाहेरच्या बाहेर पत्र्यावरून वाहते आणि दुसऱ्या टोकाने निघून जाते. आतल्या माणसाला नुसता आवाज ऐकू येतो. कापडाच्या आणि राळेच्या विमानात तिला अशी सोपी वाट नसते. आणि वीज वाट नाही म्हणून थांबत नाही. ती वाट करते. थरांमध्ये मुरलेल्या ओलाव्याची क्षणात वाफ होते, थर फाटून उघडतात, पंख शेंगेसारखा उकलतो. म्हणून या नव्या विमानाच्या कातडीखाली, वरच्या थराच्या अगदी लगत, तांब्याची बारीक जाळी घातलेली होती. पंखाच्या मागच्या कडेला विमान वळवणारी जी हलती पट्टी असते, तिच्यातही जाळी होती. आणि पंखाची जाळी व पट्टीची जाळी यांना जोडणाऱ्या तांब्याच्या तारांच्या लहान लहान वेण्या होत्या. वेणीची दोन्ही टोके धातूच्या गोल चकत्यांवर स्क्रूने आवळायची. त्या चकत्या उघड्या, लख्ख आणि बिनरंगाच्या असायला हव्यात. तिथे रंगाचा पातळसा पापुद्रा राहिला तरी विजेची वाट मोडते. ती उडी मारते, ठिणगी पडते, आणि पंखातच तर इंधनाची टाकी.

म्हणून रंगाआधी वेण्या काढायच्या, चकत्यांवर कागदाच्या गोल चिकट्या लावायच्या, रंग वाळला की चिकट्या सोलायच्या, आणि वेण्या पुन्हा आवळून प्रत्येक जोडात विजेला किती अडथळा होतो ते मीटर लावून मोजायचे, असा शिरस्ता होता. चिकट्या सून स्वतः कापून मेणकागदावर लावून ठेवी. त्या लावण्याचे काम मास्तरांचे. मोजण्याचे तिचे.

रंग पुरा झाला त्या संध्याकाळी मास्तर मऊ फडके घेऊन पंखावर हात फिरवत उभे होते. वेण्याही त्यांनीच परत आवळल्या होत्या, नीटनेटक्या, एका रेषेत. उघड्या दारातून तिरपे ऊन आत आले होते आणि पंखाच्या पांढऱ्या अंगावर त्यांचा स्वतःचा चेहरा अंधूक दिसत होता. सुनेने कपाटातून मीटर काढला.

“काय गं, मोजतेस?” त्यांनी विचारले.

प्रश्न साधा होता. पूर्वी असे शंभरदा मोजले होते आणि त्यांनीच दिवा धरला होता. पण आज त्यांच्या आवाजात काहीतरी होते; परीक्षेचा पेपर परत मिळताना मुलाच्या चेहऱ्यावर असते तसे. आणि तिला एकदम भीती वाटली. जोडाची नव्हे, त्यांना काय वाटेल याची. ‘ही माझ्यामागून सगळं तपासते’ हे त्यांना कळले तर?

“छे हो,” ती म्हणाली, “याची बॅटरी संपलीये का बघत होते.”

“मग ठीक.” ते पुन्हा फडके फिरवू लागले. “चिमणी उद्या बघेल तेव्हा काय म्हणेल गं?”

“म्हणेल, एवढ्या सुंदर विमानात बसायला मला नवे कपडे आणा.”

ते खळखळून हसले. मीटर कपाटात गेला आणि तिने सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नणंदेने विमानाभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि वडिलांच्या गळ्यातच पडली. “बाबा, हे उडवायचं की घरात मांडून ठेवायचं?” मग ती डोंगरांपलीकडे निघून गेली, आणि मास्तर दिवसभर भेटेल त्याला अडवून सांगत राहिले, की पोरगी काय म्हणाली.

दुपारच्या जेवणानंतर सून दुसऱ्या एका विमानासाठी चिकट्या कापायला बसली. तिने चिकट्यांचा डबा उघडला. वरच मेणकागद होता, घडी घालून, जपून ठेवलेला. तिने तो उलगडला. नणंदेच्या विमानासाठी कापलेल्या सगळ्या गोल चिकट्या जशाच्या तशा त्यावर बसलेल्या होत्या. एकही निघालेली नव्हती.

क्षणभर तिला वाटले, मास्तरांनी दुसऱ्या कापल्या असतील. पण मास्तर चिकट्या कापत नसत. मग तिच्या डोळ्यांपुढे ती नीटनेटकी, एका रेषेतली वेण्यांची टोके आली; आणि तिला उमगले, की त्या चकत्या त्यांनी घासल्या असतील, अस्तर दिले असेल, आणि मुलीच्या विमानावर कुठे डाग नको म्हणून, मायेने, रंगाचा हात देऊन टाकला असेल. लाडाकोडात केलेली चूक. निष्काळजी माणसाच्या हातून ती घडलीच नसती.

ती दारात आली. डोंगरांवर ढग चढू लागले होते. खालून सपाट, वरून फुलकोबीसारखे फुगत जाणारे. परतीची वाट तिथूनच होती.

आता खरे सांगायचे तर नणंद ढगांत शिरणारी नव्हती. ती ढगांना चांगला लांबचा वळसा घालून येई. असे कितीतरी दिवस ती आली होती. वीज विमानालाच गाठील असे काही ठरलेले नव्हते. बहुधा ती नेहमीसारखी उतरेल, हेल्मेटाने विस्कटलेले केस नीट करत चहा मागेल. आणि मग सून संध्याकाळी एकटीच मागे राहील, चकत्या खरवडील, मोजील, आणि कुणाला कानोकान खबर लागणार नाही. मास्तर मास्तरच राहतील. हा विचार तिच्या मनात आला, आणि नुसता आला नाही, तर ऐसपैस बसला. पण ढग वाढत होते. आणि वीज कधीकधी ढगापासून लांब, निरभ्र आकाशातही हात लांब करते, हेही तिला ठाऊक होते.

ती जिन्याकडे धावली.

रेडिओच्या खोलीत रेडिओवाला खिडकीशी बसला होता. सतत बोलत असल्यामुळे त्याला सगळे ‘आकाशवाणी’ म्हणत. त्याच्या समोर मास्तर, हातात चहाचा पेला. मुलगी परत येण्याच्या वेळी ते रोज इथे येऊन बसत.

“या शिंपीणबाई,” आकाशवाणी म्हणाला, “तुमच्या वन्सं निघाल्या तिकडून. ढगांवर रागावल्यात. म्हणतात, आज बराच लांबून यावं लागणार.”

“मला बोलू द्या तिच्याशी.”

तिच्या आवाजाने त्याची बडबड थांबली. त्याने माइक तिच्या हातात दिला. मास्तर तिच्याकडे पाहत होते. तिला वाटले, निदान पाठ तरी करावी त्यांच्याकडे. पण खोली इतकी लहान होती, की पाठ करायलाही जागा नव्हती.

“वन्सं, ऐकतेस?”

“ऐकतेय गं,” खरखरीतून आवाज आला. “बोल. भाजी कुठली आणू?”

“तू पुढे येऊ नकोस. नदीकाठची जुनी धावपट्टी आहे ना, शेतांवर फवारणी करणारी विमानं उतरायची ती. तिथे उतर.”

“का? इंजिन छान चाललंय.”

“पंखाच्या वेण्या... त्यांचे जोड मी मोजले नाहीत. वीज झाली तर वाट नाहीये तिला. माझं चुकलं. तू उतर आधी.”

नणंद म्हणाली, “तू मोजले नाहीस? मापं घेतल्याशिवाय तू भोपळा चिरत नाहीस. काय झालंय, नीट सांग. तिथे गवत गुडघाभर असेल. माझ्याकडे खोकाभर नमुने आहेत. नुसतं ‘मोजलं नाही’ म्हणून मी उतरू? ढग अजून लांब आहेत माझ्यापासून.”

खोटे असे सुनेने काही सांगितले नव्हते. पण अर्धे सांगितले होते, आणि त्या अर्ध्यावर नणंद आपला जीव तोलून पाहत होती. उरलेले अर्धे मास्तरांच्या समोर, आकाशवाणीच्या समोर, उघड्या रेडिओवर बोलायचे, म्हणजे...

मास्तरांनी पेला खाली ठेवला. “चिकट्या?” त्यांनी हलकेच विचारले.

तिने मान हलवली. “डब्यात आहेत, बाबा. सगळ्या.”

ते आपल्या हातांकडे पाहू लागले. डाव्या अंगठ्याच्या नखात पांढरा रंग अजून होता. हात त्यांना काही सांगतील अशा आशेने ते पाहत राहिले असावेत. मग त्यांनी सुनेच्या हातातून माइक काढून घेतला, अगदी सावकाश, जणू त्यांच्या हातात पूर्ण दुपार होती.

“चिमणे.”

“बाबा?”

“मी त्या गोल जागा झाकल्या का रंगवल्या, मला आठवत नाही.” ते थांबले. “आठवत नाही गं मला. हल्ली नाही आठवत. तू उतर.”

आकाशवाणी खिडकीबाहेर बघू लागला. बोलका माणूस गप्प बसतो तेव्हा तो किती शहाणा असतो ते कळते.

“उतरते, बाबा,” नणंद म्हणाली. आवाज वेगळाच होता. लहानपणी सायकलवरून हाक मारल्यावर थांबणाऱ्या मुलीचा.

“आणि हे बघ,” सुनेने पुन्हा माइक घेतला, “उतरलीस की विमान बांध आणि लांब जा. पंखाखाली आडोशाला उभी राहू नकोस. तिथे दगडी गोदाम आहे, त्यात जाऊन बस.”

“होय हो, शिंपीणबाई.”

ती डोंगरामागे उतरू लागली तसा रेडिओचा संपर्क तुटला. आता फोन येईपर्यंत वाट पाहण्याखेरीज करण्यासारखे काही नव्हते. आकाशवाणीने दवाखान्याच्या गाडीला नदीकाठी नमुने घ्यायला पाठवले, आणि मग कुठूनतरी बिस्किटे काढून दोघांपुढे ठेवली. कुणीच ती खाल्ली नाहीत. ढगांचे पोट काळे झाले. पलीकडे कुठेतरी वीज चमकली, आणि आवाज इतक्या उशिरा आला, की तोवर तिघांनी श्वास रोखून धरला होता. जिथे ती चमकली तिथूनच आज नणंद आली असती, की तिथून पुष्कळ लांबून, हे कुणालाच सांगता आले नसते. नंतरही कधी कळले नाही.

मास्तर तिच्याशी बोलत नव्हते. तिला ते रास्तच वाटले. शेवटी तेच म्हणाले, “काल तू मीटर काढला होतास.”

“हो.”

“बॅटरी संपली नव्हती.”

“नव्हती.”

“मग ठेवलास का परत?”

“तुम्हाला वाईट वाटलं असतं.”

ते म्हणाले, “वाईट वाटणं बरं की गं. वाईट वाटून कुणी मरत नाही.”

तिला रडू कोसळले. त्यांनी खिशातले रंगाचे फडके काढून तिच्याकडे सरकवले, ते रंगाचे आहे हे पाहून परत घेतले, आणि आपल्या सदऱ्याची बाही पुढे केली. “हे घे. हे धुतलेलं आहे.”

तेवढ्यात फोन वाजला. “उतरले,” नणंद ओरडत होती, कारण तिच्याकडे पाऊस पत्र्यावर कोसळत होता. “गवत एवढं, की थांबायला ब्रेकसुद्धा लागला नाही. नमुने ठणठणीत, मी ठणठणीत. बाबांना सांग, रंग अजून तस्साच आहे!”

पाऊस ओसरल्यावर सून आणि मास्तर जीपने नदीकाठी गेले. सुनेने मीटर, पॉलिशपेपर आणि लहान पाते घेतले होते. वाटेत मास्तर म्हणाले, “माझं हे घरी कुणाकुणाला ठाऊक आहे?” ती म्हणाली, “फक्त मला.” त्यावर ते म्हणाले, “म्हणजे तू एकटीच ओझं वाहत होतीस. आणि मला वाटत होतं, मीच तुमच्यापासून लपवतोय.” आणि ते हसले, पण हसू पुरे व्हायच्या आधीच थांबले.

विमान ओल्या गवतात गुडघाभर बुडाले होते आणि तरीही देखणे दिसत होते. नमुने घेऊन गाडी गेली होती. नणंद गोदामातून आली ती चिखलाने भरलेल्या बुटांनी सरळ वडिलांकडे. त्यांच्या सदऱ्याची वरची गुंडी सुटली होती, ती तिने लावली.

सुनेने पहिली वेणी लगेच सोडवली नाही. आधी मीटर लावला, मास्तरांच्या समोर, त्यांना आकडा दिसेल असा धरून. आकडा नाचत राहिला, कुठे टेकेना. मग तिने वेणीचे टोक उघडले. खाली चकती पांढरीशुभ्र, आरशासारखी गुळगुळीत होती.

“काय रंग लावलाय!” मास्तर म्हणाले. कौतुक आणि वैताग एकाच श्वासात.

“बाबा, एवढा झकास लावायची काय गरज होती?” नणंद म्हणाली.

“झकासच तर नडला.”

पाते त्यांनी स्वतः घेतले. सुनेने पुढे केलेला हात त्यांनी बाजूला सारला. कडेकडेने, भोवतालचा रंग तसूभरही न दुखावता, त्यांनी तो पापुद्रा उचलला. त्यांचा हात थरथरला नाही. विसरणे डोक्यात होते. हातापर्यंत ते अजून पोचले नव्हते. खाली धातू दिसू लागला तशी सुनेने पॉलिशपेपर फिरवला, वेणी आवळली, मीटर लावला. आकडा शून्याशी येऊन स्वस्थ बसला.

“बसला,” मास्तर म्हणाले.

एकेक करून त्यांनी सगळ्या चकत्या उघड्या केल्या. नणंद दिवा धरून होती आणि मध्ये मध्ये वडिलांना विचारत होती, कसे होते, काय काय विसरायला होते, कधीपासून. ते सांगत होते. कधी चिडून, कधी हसून. “परवा आरशात बघून म्हटलं, या गृहस्थाला कुठेतरी पाहिलंय.” नणंद म्हणाली, “थट्टा पुरे. डॉक्टरकडे जायचं आपण तिघं.” ते म्हणाले, “चौघं. माझ्या मुलालाही घ्या. त्याला जमिनीवरचं काहीतरी काम द्यायला हवं.”

सुनेने विमानतळाच्या साहेबांना सारे सांगायचे ठरवले होते. मोजल्याविना आपण सही केली, हे तर आधी. तिने तसे म्हटल्यावर मास्तरांनी मान डोलावली. अडवले नाही.

“आणि माझंही सांग,” ते म्हणाले. “त्यांनी राहू दिलं, तर रंग मी लावीन. चिकट्या तू लाव. आणि मोजायचं ते मी तिथे उभा असताना मोज. कपाटामागे जाऊन नको.”

“मला जमेल का ते, ठाऊक नाही.”

“मला तरी कुठे ठाऊक आहे?”

ओल्या गवतातून उडणे धोक्याचे होते, म्हणून विमान तिथेच बांधून ठेवले. जीपमध्ये सून चालवायला, शेजारी मास्तर. नणंद मागच्या बाकावर आडवी झाली ती लगेच झोपली, चिखलाचे बूट खिडकीला टेकवून. ढग विरळ होऊन पूर्वेकडे सरकले होते. रस्त्यावर जागोजागी पाणी साचले होते आणि सून ते चुकवत गाडी हाकत होती.

बरेच अंतर गेल्यावर मास्तर अस्वस्थ झाले. त्यांनी वाकून काचेतून आकाशाकडे पाहिले, डावीकडे, उजवीकडे. मग तिच्याकडे वळले.

“पोरगी उतरली का गं?”

कालपर्यंत तिने काय केले असते ते तिला ठाऊक होते. ऐकले न ऐकलेसे करून दुसराच विषय काढला असता.

“उतरली, बाबा,” ती म्हणाली. “मघाशी तुम्हीच उतरवलीत तिला. विसरलात तुम्ही. मागे बघा.”

ते सावकाश मागे वळले. उघड्या तोंडाने झोपलेल्या मुलीकडे पाहत राहिले. तिची एक बट गालावर चिकटली होती. त्यांच्या चेहऱ्यावर आधी ओशाळलेपण आले, ते गेले, आणि मग जे आले, ते सुनेला रस्त्यावरून नजर काढून नीट पाहता आले नाही.

“हो की,” ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, अगदी हळू आवाजात, “जरा बेताने चालव. झोपलीये ती.”